वादळाची पाळी

सन २०६१च्या ऑक्टोबरात सप्तद्वीप संघाच्या बैठकीत सात चिठ्ठ्या काढल्या गेल्या, आणि येत्या मोसमात कोणत्या देशावर कितवं चक्रीवादळ पडायचं ते चहा-बिस्किटांसकट ठरलं. मॉरिशसला सहावं आलं. पेती-सेलला चौथं. ला रॉन्दला दुसरं आलं, म्हणून त्यांच्या प्रतिनिधीने हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं.

चिठ्ठ्या लिहिणारी, त्यांच्या घड्या घालणारी आणि निकाल फळ्यावर मांडणारी होती देवयानी भिकाजी, संघाची पाळी-अधिकारी, वय वर्षं चौतीस. तिच्या पूर्वजाला दोनशे वर्षांपूर्वी रत्नागिरीहून उसाच्या मळ्यावर आणलं, तेव्हा बंदरावरच्या साहेबाने त्याला नाव विचारलं. त्याने स्वतःचं नाव सांगितलं, साहेबाने ते आडनाव म्हणून लिहिलं, आणि तेव्हापासून त्या घराण्यातल्या बायकाही भिकाजी झाल्या. देवयानीचं काम तसं समजायला सोपं होतं. फक्त लग्नाच्या बोलणीत अडायचं. ‘मुलगी काय करते?’ ‘वादळं वाटते.’ स्थळं चहा अर्धा टाकून उठायची.

ही वाटणी कशी सुरू झाली ते आधी सांगायला हवं.

चक्रीवादळ म्हणजे गरम पाण्यावर चालणारं इंजिन. समुद्राचा पृष्ठभाग साडेसव्वीस अंशांच्या वर तापला की त्याला जळण मिळतं. चाळीसच्या दशकात हिंदी महासागर तीस अंशांवर गेला आणि इंजिनांची रांग लागली. तेव्हा सात छोट्या बेट-देशांनी मिळून समुद्रात अकरा हजार पंप सोडले. पंप म्हणजे एक तरंगतं पिंप, त्याला खाली लोंबणारी अडीचशे मीटर रबरी नळी आणि नळीच्या बुडाशी झडप. लाटेने पिंप वर उचललं की झडप मिटायची आणि आतलं पाणी वर खेचलं जायचं. लाट उतरली की झडप उघडायची आणि खोलातलं थंडगार पाणी आत शिरायचं. वीज नको, डिझेल नको. उपग्रहावरून ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढंच सांगायचं. मॉरिशसचे मराठी लोक त्यांना हंडे म्हणायला लागले आणि हळूहळू सगळीच बेटं म्हणायला लागली.

हंड्यांनी वादळ विझेल अशी आशा होती. विझलं नाही. पण वादळाच्या एका बाजूचं पाणी दोन अंशांनी गार केलं की त्या बाजूचे ढग लुळे पडायचे, दुसऱ्या बाजूचे फोफावायचे, आणि वादळाचा डोळा फोफावलेल्या बाजूला कलायचा. उधळलेला बैल फडकं दाखवून मरत नाही, वळतो मात्र.

आता प्रश्न एवढाच की वळून जायचं कुठे? सातही बेटं उत्तर-दक्षिण रांगेत, कुंपणाच्या खांबांसारखी उभी. वादळ पूर्वेकडून यायचं. दोन खांबांमधली फट वादळापेक्षा अरुंद. रांगेच्या दोन्ही टोकांपलीकडे मोठे देश, आणि त्यांनी लेखी कळवलं होतं की तुम्ही वळवलेलं वादळ आमच्या किनाऱ्याला लागलं तर आम्ही ते आक्रमण समजू. म्हणजे सातांपैकी कुणावर तरी जायचंच.

पहिल्याच मोसमात मॉरिशसवर येणारं एक वादळ देवयानीने वरिष्ठांच्या हुकुमावरून उत्तरेला वळवलं. नोकरीचा तिचा तिसरा महिना होता. वादळ ला रॉन्दवर गेलं. एक्केचाळीस माणसं मेली. मॉरिशसने दुखवट्याचा ठराव आणि केळी पाठवली.

त्यानंतर पाळीचा करार झाला. प्रत्येकाने मोसमात एक वादळ घ्यायचं. ज्याची पाळी त्याला ते महिनोन्‌महिने आधी माहीत. बाकीच्या सहांनी बोटी, डॉक्टर, तांदूळ द्यायचा आणि त्या बेटाची माणसं आपल्याकडे आणून ठेवायची. आणि गंमत म्हणजे हे जमलं. आठ वर्षांत मृत्यू नव्वद टक्क्यांनी घटले. उरलेले दहा टक्के कुठे मरणार, ते वेळापत्रकात असायचं.

पाळीची अदलाबदलही करता यायची. दोन्ही देशांच्या सह्या आणि एक कारण, एवढं पुरे. एका देशाने फुटबॉलच्या अंतिम सामन्यासाठी पाळी बदलून घेतली होती आणि तो सामना हरला होता. दुसऱ्याने ‘शक्यतो लहान वादळ मिळावे’ असा अर्ज केला होता. देवयानीने त्यावर ‘मागणी समुद्राकडे पाठवली आहे’ असा शेरा मारला, त्याबद्दल तिला लेखी समज मिळाली.

देवयानीची धाकटी बहीण ओमिता पेती-सेलला दिली होती. दिली म्हणजे तीच गेली, रेमी नावाच्या खलाशाच्या मागे. रेमी हंडे दुरुस्त करणाऱ्या बोटीवर, मोसमभर समुद्रात. पेती-सेल म्हणजे तेवीसशे माणसं, मिठागरं, एक शाळा, आणि सर्वांत उंच जागा नऊ मीटर, तीही चर्चचा मनोरा धरून.

चिठ्ठ्या निघाल्या त्याच आठवड्यात ओमिताचा फोन आला. “ताई, डॉक्टरांनी पंधरा फेब्रुवारी दिलीय.”

देवयानीने फळ्याकडे पाहिलं. चौथं वादळ सरासरीने फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात यायचं. “इकडे ये बाळंतपणाला,” ती म्हणाली.

“नाही. गेल्या चार वर्षांत इथे नऊ मुलं झालीत. शाळा बंद करायला निघालेत. माझं दहावं इथेच होणार.”

“वादळात?”

“तू आहेस ना वादळवाली. बघ काहीतरी.”

फोनवर मागून आई बोलली. आई निवृत्त मराठी शिक्षिका. मॉरिशसवरच्या अर्ध्या मराठी लोकांनी तिच्या हातच्या छड्या खाल्ल्या होत्या. ती बाळंतपणासाठी आतापासूनच पेती-सेलला जाऊन बसली होती. “देवू, बहिणीसाठी एवढं होत नसेल तर त्या फळ्याचा उपयोग काय? भाजीचे भाव लिही त्यावर.”

देवयानीने फाइल तयार केली. पेती-सेलची चौथी पाळी मॉरिशस घेणार, मॉरिशसची सहावी पेती-सेल घेणार. सहावी मार्चअखेर, म्हणजे बाळ चांगलं दीड महिन्याचं झालेलं. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘स्थानिक सोहळा’. मॉरिशसच्या मंत्र्याने न वाचता सही केली. तो वाचून सही करणारा असता तर मंत्री झाला नसता.

फाइल वाचली ती झाँ-नोएलने. झाँ-नोएल हा ला रॉन्दचा प्रतिनिधी, टेबल तिच्या टेबलाला चिकटून. त्या एक्केचाळिसांमध्ये त्याचा भाऊ होता, आणि बटण कुणाच्या बोटाने दाबलं हे त्याला माहीत होतं. त्याविषयी दोघं कधी बोलले नव्हते. तो फक्त रोज तिच्या डब्यातली निम्मी डाळपुरी खायचा, आणि ती रोज दुप्पट आणायची.

“पेती-सेलला फेब्रुवारीत कसला सोहळा असतो?”

“बाळंतपण.”

“कुणाचं?”

“बहिणीचं.”

त्याने घास गिळला. “मग सोहळाच,” म्हणाला, आणि फाइल परत दिली.

चौथं वादळ वेळेवर आलं. दानिएला नावाचं ते वादळ मॉरिशसवर येईपर्यंत दमून गेलं होतं. विलायती फणसाचं एक झाड पडलं, एक बसथांबा उडाला, आणि मंत्रालयाच्या सायकल-स्टँडचं छप्पर शेजारच्या विरोधी पक्षाच्या अंगणात जाऊन पडलं. वर्तमानपत्रांनी दूरदृष्टीच्या अदलाबदलीबद्दल सरकारचं कौतुक केलं. तीन दिवसांनी, चौदा तारखेला, ओमिताला मुलगी झाली. बाराव्या दिवशी अवनी नाव ठेवलं.

समुद्राला सरासरी माहीत नसते. पाचवं आणि सहावं वादळ चार दिवसांच्या अंतराने जुळ्यांसारखी जन्मली. पाचवं कुणाच्या तरी डोंगरावर आपटून मेलं. सहाव्याचं नाव फ्लोरीन. वारा ताशी दोनशे ऐंशी किलोमीटर. अवनी तेव्हा तेरा दिवसांची होती.

“आई, उद्या आठला बोट. तुम्ही तिघी पहिल्या फेरीत.”

“बाळंतीण तेरा दिवसांची आहे.”

“माहीत आहे.”

“सव्वा महिना बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. तू समुद्र ओलांडायला सांगतेस.”

“रत्नागिरीत तरी कोणी पाळतं का हे आता? मागे ते पाहुणे आले होते, त्यांची सून पंधराव्या दिवशी ऑफिसला गेली म्हणे.”

“त्यांनी सोडलं म्हणून तर आपण धरलंय. सगळ्यांनीच सोडलं तर राहणार कुणाकडे?”

“आई, दोनशे ऐंशीचा वारा आहे.”

“नाव काय त्याचं?”

“फ्लोरीन.”

“बिस्किटाला ठेवतात असलं नाव.”

ओमिताने फोन घेतला. “ताई, नुसतं आईचं नाही गं. त्या बोटीने जायच्या पोरांत दोघांना गोवर निघालाय. चारशे माणसं बोटीच्या पोटात. तेरा दिवसांचं बाळ घेऊन चढू? दुसरी बोट परवा आहे ना?”

परवा होती. देवयानीने स्वतःच वेळापत्रकात घातली होती. “परवाच्या बोटीत नक्की,” ती म्हणाली. हे वाक्य तिला नंतर पुष्कळ वेळा ऐकू आलं.

दुसरी बोट निघालीही. पण पाचव्या वादळाने मागे सोडलेल्या लाटा पेती-सेलच्या धक्क्यावर घराएवढ्या चढत होत्या. बोटीने तीनदा प्रयत्न केला आणि परत फिरली. तेवीसशेंपैकी इतर सगळी आदल्या दिवशीच्या फेऱ्यांत निघून गेली होती, एकोणीस माणसं बेटावर राहिली. बाकीच्या सोळाजणांकडेही आपापली कारणं होती. एकाने म्हैस सोडायला नकार दिला होता.

वादळ अडीच दिवसांवर आलं की हंड्यांचा उपयोग संपतो. दुसरी बोट परत फिरली त्या दिवशी सकाळी अकराला देवयानीच्या पडद्यावर चाळीस मिनिटं उरली होती. मॉरिशसकडे वळवायची वेळ टळून गेली होती, पडद्यावर दोनच वाटा होत्या. सरळ गेलं तर पेती-सेल, माणसं एकोणीस. उत्तरेला वळवलं तर ला रॉन्द, माणसं साठ हजार. ला रॉन्दने डिसेंबरात आपली पाळी घेतली होती. त्यांच्या निम्म्या घरांवर अजून ताडपत्र्या होत्या.

तिने अदलाबदलीचा अर्ज उघडला. देश: पेती-सेल. समोरचा देश: ला रॉन्द. कारण. कारणाच्या रकान्यात रेघ लुकलुकत राहिली. खाली ला रॉन्दच्या प्रतिनिधीच्या सहीची जागा होती, आणि तो प्रतिनिधी हातभर अंतरावर पेन्सिलीला टोक करत बसला होता.

“अर्जच उघडलायस ना?” झाँ-नोएल पडद्याकडे न बघता म्हणाला.

“हो.”

“मला विचारू नकोस.”

“मी अजून काही...”

“ऐक. माझ्या भावाच्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. त्याने एक वाईट झालं. मी तेव्हापासून ठरवून ठेवलंय की कुणी मला समोर बसून विचारलं तर मी नाही म्हणणार नाही. तू विचारलंस तर मी सही करेन, देवयानी. साठ हजार माणसांवर करेन. मग तू आणि मी, दोघांनी तेवढं घेऊन जगायचं. म्हणून विचारू नकोस.”

त्याने पेन्सिलीचं टोक फुंकलं, मोडलं आणि पुन्हा टोक करायला घेतलं.

देवयानीने अर्ज मिटला. यंत्राने विचारलं, ‘बदल जतन करायचे का?’ तिने नाही म्हटलं. अकरा चाळीसला पडद्यावरचं हिरवं कुलूप लाल झालं, आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही.

“शाळेच्या मागे पावसाच्या पाण्याची टाकी असेल,” झाँ-नोएल म्हणाला. “जमिनीत, सिमेंटची. तिकडे सगळ्या शाळांना असते. रिकामी करायला सांग. आत्ता.”

तिने फोन लावला.

“बाळंतिणीला टाकीत बसवू?” आई म्हणाली.

“आई.”

इतक्या वर्षांत देवयानी त्या सुरात कधी ‘आई’ म्हणाली नसावी, कारण आईने पुढे वाद घातला नाही. “बरं,” ती म्हणाली. “तोंड केवढं आहे तिचं?”

“अठरा इंच असेल.”

“मग मी काय गुंडाळी होऊन जाऊ?”

दोघीही हसल्या. लाइन तिसऱ्या दिवशी दुपारी तुटली.

मदतीच्या पहिल्या बोटीत देवयानी होती. पेती-सेल नकाशावर जिथे होतं तिथेच होतं, एवढंच त्याच्याबद्दल चांगलं सांगता येण्यासारखं होतं. मनोरा नव्हता, मिठागरं नव्हती, शाळेचं फक्त जोतं होतं. जोत्यामागे टाकीचं लोखंडी झाकण चिखलात दिसलं. खलाशांनी झाकणावरची कडी काढली. आत कमरेएवढ्या पाण्यात अठरा माणसं होती. अवनी म्हैसवाल्याच्या खांद्यावर होती आणि झोपली होती.

“आई?” देवयानीने विचारलं.

ओमिता वर आली. मग जोत्यावर बसून म्हणाली, “झाकण आतून लागत नव्हतं, ताई. कडी बाहेरून. वाऱ्याने ते दोनदा उडालं. आणि आईला तोंडातून आत येता येईना. एका खांद्याने बघितलं, दुसऱ्याने बघितलं. म्हणाली, पोरांच्या डब्यातले लाडू खाल्ले त्याचं हे. मग म्हणाली, अवनीचं डोकं धर. आणि कडी लावली.”

कडी पक्की लागलेली होती. लावणारी कुठेच नव्हती.

संघाच्या अहवालात नोंद झाली: सहावी पाळी पूर्ण; मृत्यू एक. एवढ्या मोठ्या वादळासाठी हा विक्रम होता. पाच देशांचे अभिनंदनाचे संदेश आले. एकाने फुलं पाठवली. त्यावरच्या कार्डावर छापलं होतं, ‘असाच समन्वय राहो.’ झाँ-नोएलने ते कार्ड देवयानीच्या आधी पाहिलं आणि खाऊन टाकलं. अक्षरशः. चावून, वर पाणी पिऊन. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

जूनच्या बैठकीत मॉरिशसच्या मंत्र्याला कल्पना सुचली. पेती-सेलवर आता घर नाही, पाणी नाही, माणूस नाही. तिथले लोक चार महिने मॉरिशसच्या व्यायामशाळांमध्ये गाद्या टाकून आहेत. नियमाप्रमाणे निर्जन बेटाला पाळी नसते. पण निर्जन बेटावर वादळ सोडायलाही कुणाची सही लागत नाही. शिवाय पेती-सेल रांगेच्या बरोबर मधोमध. मग सातही वादळं तिथेच का सोडू नयेत?

सभागृहात क्षणभर शांतता पसरली. इतकं सोपं उत्तर आठ वर्षं कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही, याची ती शांतता होती. मग टाळ्या झाल्या. विस्थापितांना प्रत्येक कुटुंबामागे दोन खोल्यांचा फ्लॅट द्यायचं ठरलं आणि खुद्द पेती-सेलच्या प्रतिनिधीने बाजूने मत दिलं. चार महिने बास्केटबॉलच्या जाळीखाली झोपलेला माणूस दोन खोल्यांना नाही म्हणत नाही. आता फक्त एक कागद बाकी होता: पाळी-अधिकाऱ्याने एक ऑक्टोबरपर्यंत पेती-सेलची लोकसंख्या शून्य असल्याचा दाखला द्यायचा.

आणि खरं सांगायचं तर देवयानीला बरं वाटलं. ओमिता आणि अवनी तिच्याच फ्लॅटमध्ये होत्या. त्या आता कुठेही जाणार नव्हत्या, कारण जायला जागाच उरणार नव्हती. आईला वाचवता आलं नाही; या दोघींना तरी ती एका शून्याने कायमचं वाचवणार होती.

सप्टेंबरातल्या एका सकाळी ओमिता हॉलमध्ये सामान बांधताना दिसली. ताडपत्री, तांदूळ, स्टोव्ह, पाण्याचे कॅन, लंगोट.

“कुठे?”

“घरी.”

“घर नाहीये, ओमी.”

“ताडपत्री घेतलीय. रेमी सोडणार आहे बोटीने.”

“अगं, पुढच्या मोसमापासून सगळी वादळं तिथे पडणार. ठराव मी टाइप केलाय.”

“म्हणून तर चाललेय. आम्ही दोघी राहिलो तर ते निर्जन होत नाही ना?”

“तू वेडी आहेस का? एवढ्यातून जगलीस ती मरायला परत जाणार? एवढ्या लोकांना फ्लॅट मिळतायत, कुणाची तक्रार नाही, तुलाच कसली आलीय देशभक्ती?”

“देशभक्ती कसली डोंबलाची. आई तिथे आहे.”

“आई सापडली नाही, ओमी.”

“तेच म्हणतेय मी. सापडली नाही म्हणजे तिथेच कुठेतरी आहे. तिच्या अंगावर वर्षाला सात वादळं सोडणार तुम्ही?”

देवयानीकडे याला उत्तर होतं. त्या भागातले प्रवाह काय काय कुठे नेऊन टाकतात, हे तिच्याइतकं ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. अवनी ताडपत्रीचा कोपरा चोखत होती.

“तुला अडवायचंय ना?” ओमिता गाठ आवळत म्हणाली. “सोपं आहे. शून्य लिही. पण मी तिथे असताना लिहावं लागेल.”

एक ऑक्टोबरला मोजणीची बोट पेती-सेलला जाऊन आली. देवयानीने कागद पुढे घेतला. शून्य लिहिलं तर सात वादळं दोघींवर, आणि दोघींपैकी एक रांगत होती. दोन लिहिलं तर दोघींवर एक, आणि बाकीची सहा पुन्हा पहिल्यासारखी साडेचौदा लाख लोकांवर. त्यांतली काही माणसं मरणार, हेही ठरलेलं. गणित इतकं सोपं होतं की मंत्र्यालाही जमलं असतं. तिला दुपारपर्यंत जमेना. मग बेटावर जे होतं ते तिने रकान्यात लिहिलं: दोन.

“मिस भिकाजी!” बैठकीत मंत्र्याने कागद हवेत धरला. “दोन माणसांसाठी?”

“किती हवीत ते नियमात लिहिलेलं नाही, साहेब.”

“ती तुमची बहीण आहे!”

“एक बहीण. दुसरी भाची.”

“म्हणजे हा सरळसरळ नात्यागोत्याचा कारभार आहे!”

“तो गेल्या वर्षी होता,” देवयानी म्हणाली. तिने दोन्ही हात टेबलावर उघडे ठेवले. “चौथी आणि सहावी पाळी मी बदलली. सोहळा वगैरे काही नव्हता. बहिणीचं बाळंतपण होतं. फ्लोरीन मॉरिशसवर यायची होती, माझ्यामुळे ती तिकडे गेली. तुम्ही सही केलीत. ही मात्र नुसती मोजणी आहे.”

मंत्र्याला तिला जागच्या जागी काढून टाकायचं होतं. पण हंड्यांचे संकेत दुसऱ्या कुणाला येत नव्हते, त्यामुळे मोसम संपताच तिला काढावं असा ठराव झाला, आणि तो टाइप करायला तिच्याकडेच आला. पेती-सेलची चिठ्ठी नाइलाजाने इतर सहांबरोबर भांड्यात गेली. अध्यक्षांनी हात घातला आणि पहिली पाळी वाचली.

“ला रॉन्द.”

सगळ्यांनी देवयानीकडे पाहिलं. शून्य लिहिलं असतं तर हे वादळही पेती-सेलवर गेलं असतं. तिने फळ्यावर नाव लिहिलं, खडू ठेवला, आणि झाँ-नोएलकडे बघायचं टाळत आपल्या खुर्चीत येऊन बसली. त्याच्या बेटावर गेल्या वर्षीच्या ताडपत्र्या अजून निघाल्या नव्हत्या.

झाँ-नोएल बराच वेळ हिशोब करत बसला. मग खुर्ची ओढून जवळ आला. तो रागावलेला होता. पण कागद त्याने तिच्या पुढ्यात ठेवला.

“साठ हजार माणसं. पाच आठवडे,” तो म्हणाला. “मॉरिशसच्या व्यायामशाळा भरल्यात. बाकीच्यांनी मिळून पंचेचाळीस हजार घेतले तरी पंधरा उरतात. तुझ्या बहिणीकडे जागा किती आहे?”

देवयानीला प्रश्नच कळला नाही. “कुठे?”

“बेटावर. पहिलं वादळ आमच्याकडे येतंय, तिला नुसता पाऊस लागेल. पंधरा हजार माणसं उभी राहतील?”

“जागाच जागा आहे,” ती म्हणाली. “छप्पर नाही.”

“छप्पर आम्ही घेऊन येतो,” झाँ-नोएल म्हणाला, आणि बोटींची यादी करायला लागला.